हिदेयोशीपुढचा वसईकर

आमच्या वसईत गोन्सालो हे नाव घरचंच. चर्चला त्याचं नाव, कॉलेजला त्याचं नाव. मास्तरकी करत होतो तेव्हा वर्गात विचारायचो, “गोन्सालो गार्सिया कोण?” उत्तर ठरलेलं असायचं: ज्याचा कान कापला, ज्याला जपानात क्रुसावर चढवून भाले मारले, तो. बरोबरच आहे. पण त्याआधी चाळीस वर्षं तो करत काय होता, हे विचारलं की वर्ग गप्प. मुलांना काय बोल लावायचा? सणाच्या प्रवचनातही बहुतेक वेळा क्रूस आणि भालेच असतात. संताचं मरण सगळ्यांना पाठ आणि जगणं कुणालाच ठाऊक नाही, अशी आपली तऱ्हा. मला विचाराल तर गोन्सालोची छाती नागासाकीच्या टेकडीवर दिसली त्याच्या आधीपासून दिसत होती. तो दुभाष्या होता, आणि त्याचं धैर्य समजायचं तर तिथूनच सुरुवात करावी लागते.

त्याचा जन्म १५५६-५७ च्या सुमारास वसईचा. गुजरातच्या बहादूरशहाने १५३४ साली वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली होती. गोन्सालोच्या लहानपणी इथे त्यांची चांगलीच पकड बसली होती. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. त्या काळच्या हिशेबात हे रक्त ना धड इकडचं ना धड तिकडचं. पोर्तुगीजांकडे माणसाची पायरी रक्तावरून ठरायची, आणि चर्चही त्याला अपवाद नव्हतं. मुलगा येशूसंघाच्या फादरांच्या शाळेत शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जहाजावर चढून जपानला गेला. आज वसईहून बोरिवलीला कॉलेजात जाणाऱ्या पोराच्या वयाचा.

जपानी भाषा त्याने झपाट्याने उचलली. आठेक वर्षं तो फादरांच्या हाताखाली राबला. गावोगाव फिरायचं, नवख्यांना प्रार्थना शिकवायच्या, पोरांना गोळा करून धर्मशिक्षण द्यायचं. त्याची एकच इच्छा होती, येशूसंघात प्रवेश मिळावा. तो मिळाला नाही. वाट पाहून पाहून शेवटी तो बाहेर पडला आणि मकावला जाऊन व्यापारी झाला. धंदा चांगला चालला.

संतचरित्रं हे पान भराभर उलटतात, मला मात्र तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. ज्या घरासाठी तारुण्य खर्ची घातलं त्याच घराने दार लावून घेतलं, तर माणूस देवावरही रुसतो. अशी माणसं आपण आपल्या पेरिशमध्येही पाहिलेली आहेत. आणि गोन्सालोच्या हातात तर पैसा होता, पूर्वेकडच्या बंदरांत ओळखी होत्या. तरीही व्यापारानिमित्त मनिलाला गेला असताना त्याची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली आणि १५८८ च्या सुमारास त्याने त्यांच्या संघात साधा ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. फादर नव्हे, ब्रदर. मिस्सा करण्याचा अधिकार नाही, वेदीवर मान नाही. पडेल ते काम करायचं.

त्याचं पडेल ते काम कोणतं, हे १५९३ साली ठरलं. जपानचा सर्वेसर्वा तोयोतोमी हिदेयोशी तेव्हा कोरियावर स्वारी करून बसला होता. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून निव्वळ कर्तबगारीवर तो इथवर आला होता. फिलिपिन्सने आपल्याला मुजरा करावा, नाहीतर तिकडेही फौज येईल, असा त्याने निरोप धाडला होता. तिथल्या स्पॅनिश गव्हर्नरने उत्तरादाखल शिष्टाई पाठवली ती फ्रान्सिस्कन संन्याशांची. प्रमुख फादर पेद्रो बाउतिस्ता, आणि दुभाष्या म्हणून ब्रदर गोन्सालो.

भेट झाली ती क्यूशू बेटावरच्या नागोया किल्ल्यात. हे आजचं मोठं शहर नव्हे, कोरियाच्या मोहिमेसाठी समुद्राकाठी उभारलेली छावणीची राजधानी. पेद्रोला जपानी येत नाही, हिदेयोशीला स्पॅनिश येत नाही. रेशमी पोशाखातल्या सरदारांच्या रांगेत जाडाभरडा झगा घातलेला वसईचा माणूस मध्ये उभा. हिदेयोशीची धमकी स्पॅनिशमध्ये सांगायची तीही त्याने, आणि आम्ही मैत्रीला आलोय, मुजऱ्याला नाही, हे हिदेयोशीच्या तोंडावर जपानीत म्हणायचं तेही त्यानेच. ज्याच्या मर्जीवर मुंडकी उडत त्याच्यासमोर नकाराचा शब्द उच्चारणारं तोंड दुभाष्याचं असतं. वाक्य दुसऱ्याचं असलं तरी नजर याच्यावरच रोखलेली असते. पुढे जे झालं त्यावरून काम चोख झालं असं म्हणावं लागतं: मंडळींना राहायची परवानगी मिळाली, क्योटोत जागा मिळाली. तिथे त्यांनी चर्च बांधलं आणि कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना काढला.

आता विरोधाचं म्हणाल तर तो एकट्या हिदेयोशीचा नव्हता. त्याने १५८७ सालीच फादरांना देश सोडायचा हुकूम काढला होता, पण पोर्तुगीज व्यापार हवा म्हणून अंमलबजावणी ढिली ठेवली होती. येशूसंघाचे फादर त्यामुळे जपून, दबून काम करत. त्यात १५८५ साली पोपने जपान येशूसंघाकडे सोपवलं होतं, म्हणजे फ्रान्सिस्कनांचं येणंच त्यांच्या लेखी आगंतुकाचं. हे नवे लोक उघडउघड मिस्सा करतात, अनवाणी फिरतात, एक दिवस आपल्या सगळ्यांवर बालंट आणतील, अशी त्यांची तक्रार होती. ती अगदीच खोटी होती असं मी म्हणणार नाही. सावधपणा म्हणजे भित्रेपणा नव्हे. पण महारोग्याच्या जखमा धुवायचं काम लपून कसं करणार? गोन्सालोला दोन्ही संघांची रीत आतून ठाऊक होती. येशूसंघाबरोबर तो राबला होता आणि त्यांनीच त्याला बाहेर ठेवलं होतं.

१५९६ च्या शरदात मनिलाहून निघालेलं ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश गलबत वादळात सापडून शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागलं. माल अफाट होता, तो हिदेयोशीने जप्त केला. आधी पाद्री येतात, मागून राजाची फौज येते, अशी बढाई गलबतावरच्या सुकाणूवाल्याने मारली म्हणतात. तो हे खरोखर बोलला की मालावर डल्ला मारायला सबब हवी होती, यावर इतिहासकार अजून भांडतात. व्हायचं ते झालं. ८ डिसेंबरला क्योटोतल्या मठाला पहारा बसला.

जानेवारीच्या सुरुवातीला चोवीस जणांना क्योटोच्या रस्त्यात उभं केलं. नाक-कान कापा असा हुकूम होता. अंमलदाराने तो सौम्य करून डाव्या कानाच्या पाळीवर भागवलं. मग भर थंडीत नागासाकीपर्यंतची पायपीट, जवळजवळ महिनाभराची. मुद्दाम गावोगाव फिरवत नेलं, लोकांना दहशत बसावी म्हणून. वाटेत कैद्यांची सेवा करणाऱ्या दोघांनाही शिपायांनी धरलं आणि आकडा सव्वीस झाला. त्यांत एक मथियास होता. यादीतला मथियास अटकेच्या वेळी घरात नव्हता. शेजारचा दुसराच एक जण पुढे आला, मथियास माझंही नाव आहे म्हणाला, आणि शिपायांना तेवढं पुरलं. सगळ्यात लहान लुईस इबाराकी, बारा वर्षांचा. धर्म सोड, तुला वाचवतो, असं खुद्द शिक्षेची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्याला सांगून पाहिलं. पोरगं ऐकेना.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर एका रांगेत सव्वीस क्रूस. खिळे ठोकले नाहीत. लोखंडी कड्या आणि दोर. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी भाला. सामुराईचा मुलगा असलेला, येशूसंघाचा पौल मिकी क्रुसावरून शेवटपर्यंत जमावाशी बोलत राहिला आणि मारणाऱ्यांना क्षमा करून गेला. सव्वीसपैकी सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, उरलेले सतरा जपानी प्रापंचिक. ज्या दोन संघांचं जिवंतपणी पटत नव्हतं त्यांची माणसं एकाच रांगेत टांगली गेली.

इथे वसईकर म्हणून एक गोष्ट बोललीच पाहिजे, आमच्यातल्या काहींना ती रुचत नाही. गोन्सालो क्योटोत ज्या धर्मासाठी कान कापून घेत होता, तोच धर्म त्या काळी वसईत राजाचा धर्म होता, आणि राजाचा धर्म वागतो तसाच वागत होता. १५६० साली गोव्यात धर्मचौकशीचं न्यायालय बसलं होतं, त्याचा हात इथवर पोचत होता. देवळं पडली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वरच्या लेण्यांत फ्रान्सिस्कनांनीच चर्च थाटलं. अवशेष आजही जाऊन पाहता येतात. म्हणजे एकाच संघाचे संन्यासी एका किनाऱ्यावर दुसऱ्याचं देऊळ घेत होते आणि दुसऱ्या किनाऱ्यावर श्रद्धेपायी मरत होते. दोन्ही खरं आहे. गोन्सालोच्या रक्ताने मंडपेश्वर धुऊन निघत नाही, आणि मंडपेश्वरमुळे गोन्सालो खोटा ठरत नाही. पाठीशी सत्ता असताना धर्माभिमान दाखवायला छाती लागत नाही. निशिझाकावर त्यांच्या पाठीशी कुणी नव्हतं, म्हणून ते मोठे.

पाठीशी सत्ता नसलेल्या श्रद्धेची पुढची कसोटी दोन्ही किनाऱ्यांवर लागली. जपानात १६१४ साली देशभर बंदी आली. पुढे ख्रिस्ताची नाहीतर मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवून तीवर पाय द्यायला लावत. जो अडखळेल तो ख्रिस्ती. नागासाकीकडच्या खेड्यांतली कितीतरी माणसं पाय देत, घरी येऊन प्रायश्चित्ताची प्रार्थना म्हणत. फादर एकही उरला नव्हता. गावातला एक जण सणांचा हिशेब ठेवी, दुसरा मुलांना स्नानसंस्कार देई. कान्नोन देवीच्या मूर्तीत ते मरिया पाहत. प्रतिमेवर पाय दिला म्हणून त्यांना भेकड म्हणणारे आहेत. मी म्हणत नाही. अडीचशे वर्षं पोराबाळांना प्रार्थना पाठ करून घेणं, तीही चोरून, हे भाल्यापेक्षा सोपं नाही.

आणि वसईत? १७३९ साली चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, किल्ल्यातली चर्चं ओस पडली. ज्या सत्तेच्या सावलीत हा धर्म वाढला होता ती सत्ताच गेल्यावर लोक परत फिरतील असं कुणालाही वाटलं असतं. काही फिरलेही. पण वसईतली गावंच्या गावं देशी धर्मगुरूंच्या आधाराने ख्रिस्ती राहिली, मराठी बोलत राहिली. आम्ही त्यांचेच वंशज.

गोन्सालोला आणि त्याच्या सोबत्यांना ८ जून १८६२ रोजी रोममध्ये संतपद मिळालं. त्यानंतर तीनच वर्षांनी, १७ मार्च १८६५ ला, याच सव्वीस रक्तसाक्षींच्या नावे नागासाकीत नव्याने बांधलेल्या ओउरा चर्चमध्ये उराकामी गावची काही माणसं आली. त्यांनी फ्रेंच फादर पेतिजाँना हळूच सांगितलं की आमची श्रद्धा तुमचीच आहे, आणि मरियेची मूर्ती कुठे ते विचारलं. बिंग फुटल्यावर सरकारने उराकामीच्या तीन हजारांहून जास्त लोकांना हद्दपार केलं. त्यांतले सहाशेवर परत आलेच नाहीत. बंदीचे फलक १८७३ साली उतरले.

तेव्हा धर्मशिक्षणाचे वर्ग घेणाऱ्या आमच्या शिक्षकांना एक विनंती. या सव्वीस जणांचा सण चर्चच्या दिनदर्शिकेत ६ फेब्रुवारीला येतो. त्या आठवड्यात मुलांना कान आणि भाले जरूर सांगा. पण मकावचा व्यापारी, नागोयाचा दुभाष्या आणि क्योटोच्या दवाखान्यातला ब्रदरही सांगा. सोबत त्या सतरा जपानी प्रापंचिकांची नावं वाचा, आणि शेजारच्या मथियासचं नाव गाळू नका.