वाघिणी जोडाव्यात तशी यंत्रे जोडता येतात का?

१/ १२ एप्रिल २०१६. मिरजेहून निघालेली पाण्याची रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर पाणी. काही दिवसांतच गाडीला पन्नास वाघिणी लागल्या आणि एका खेपेत पंचवीस लाख लिटर येऊ लागले. वाघिणी पाचपट, पाणीही पाचपट.

२/ ज्या पावसाने मांजरा धरण कोरडे ठेवले, त्याचे भाकीत करण्यासाठी भारताने जी यंत्रे उभारली, त्यांचे गणित मात्र इतके सरळ नाही. आजचा धागा त्या इतिहासावर.

३/ १९८०च्या दशकात मोसमी पावसाच्या अंदाजासाठी भारताने अमेरिकेकडे क्रे कंपनीचा महासंगणक मागितला. तो अण्वस्त्रांच्या आकडेमोडीलाही वापरला जाईल, या धास्तीने अधिक क्षमतेचे यंत्र नाकारले गेले. दिल्लीत आला तो धाकटा ‘एक्स-एमपी/१४’, तोही अटींसह.

४/ १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली. धुरा होती मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे डॉ. विजय भटकर यांच्याकडे. मुदत तीन वर्षांची. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ सिद्ध झाला.

५/ त्यामागचा विचार असा: एकच बलाढ्य प्रोसेसर मिळत नसेल, तर अनेक साधे प्रोसेसर एकत्र जुंपावेत. ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीच्या ‘ट्रान्सप्युटर’ चिपला शेजाऱ्यांशी संवाद साधण्यासाठी चार दुवे असत. असे ६४ एकत्र आले. क्षमता वाढवायची, तर आणखी जोडायचे.

६/ परंतु वाघिणींना एकमेकींशी बोलावे लागत नाही, संगणकांना लागते. हवामानाच्या गणितात नकाशाचे चौकोन पाडून ते यंत्रांना वाटून देतात. लातूरच्या चौकोनातले वारे पुढच्या घटकेला नांदेडच्या चौकोनात शिरतात, म्हणून प्रत्येक पायरीला शेजाऱ्यांची खबर घ्यावी लागते. यंत्रे वाढली की प्रत्येकाच्या वाट्याचे गणित घटते, पण निरोपांचा पसारा वाढतो.

७/ जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्येच ही मर्यादा दाखवली होती. कामाचा विसावा हिस्सा वाटून देता येत नसेल, तर कितीही यंत्रे जोडली तरी वेग वीसपटीपलीकडे जात नाही.

८/ यंत्र काढणे त्याहून नाजूक. वाघीण सोडवली तर तिच्यापुरतेच पाणी कमी होते. मधलेच यंत्र अचानक बंद पडले तर सारे गणित कोलमडू शकते. म्हणून ठरावीक अंतराने गणिताची स्थिती जतन करतात. दुरुस्तीसाठी यंत्र काढायचे असेल, तर आधी त्याला नवे काम देणे थांबवतात, हातातले पुरे होऊ देतात आणि मगच ते सोडवतात.

९/ २०१८ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘प्रत्यूष’ आला. वेग सेकंदाला सुमारे चार हजार लाख कोटी गणिते. त्याच वर्षी जागतिक अंदाजाचा चौकोन बारा किलोमीटरवर आला. वीसेक किलोमीटरवरची लातूर आणि औसा ही गावे आता निरनिराळ्या चौकोनांत पडू शकतात.

१०/ यंत्रे जोडून पाऊस पडत नाही. मात्र मृगात पेरावे की आठवडाभर थांबावे, हा निर्णय चुकला तर दुबार पेरणीचे बियाणे शेतकऱ्यालाच विकत घ्यावे लागते. नाकारलेल्या एका यंत्रापासून सुरू झालेल्या या खटाटोपाचे मोल त्या बियाण्याच्या पिशवीत मोजावे.