वर्गणी ऐच्छिक, जबाबदारी सक्तीची

३० डिसेंबर १९३६ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात जनरल मोटर्सचे कामगार यंत्रं बंद करून कारखान्यातच ठाण मांडून बसले. बाहेर पडलो तर कंपनी आपल्या जागी दुसरी माणसं घेईल, हे ते जाणून होते. कडाक्याची थंडी, पोलिसांचा अश्रुधूर, तरी ४४ दिवस कोणी हटलं नाही. अखेर ११ फेब्रुवारी १९३७ ला कंपनीने ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’ला मान्यता दिली.

असं बळ अमेरिकेच्या दक्षिणेत येऊ नये, यासाठी टेक्सासचा व्हान्स म्यूज झटत होता. गोऱ्या आणि काळ्या कामगारांनी एकाच संघटनेत यावं, हेच त्याला सहन होत नव्हतं. १९४४ मध्ये फ्लोरिडा आणि आर्कान्साच्या मतदारांनी त्याने प्रचार केलेली ‘राइट टू वर्क’ची तरतूद मंजूर केली. १९४७ च्या टाफ्ट-हार्टले कायद्याने, तोही अध्यक्ष ट्रुमन यांचा नकाराधिकार डावलून, ही वाट सगळ्याच राज्यांना मोकळी करून दिली.

‘राइट टू वर्क’ कायद्याने कोणालाही नोकरी मिळत नाही. नोकरी टिकवायची तर युनियनची वर्गणी भरा, अशी अट मात्र घालता येत नाही.

ज्या संघटनेचं राजकारण पटत नाही, तिला पगारातून पैसे का द्यायचे? प्रश्न रास्त आहे. डेट्रॉइटच्या शिक्षकांनी तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. राजकारणासाठी सक्ती नको, पण वाटाघाटींच्या खर्चातला वाटा घ्यायला हरकत नाही, असा तोडगा न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. तोच न्याय्य होता. कारण युनियनने मिळवलेली पगारवाढ बिगरसभासदालाही मिळते आणि त्याची बाजू मांडायलाही ती कायद्याने बांधलेली असते. पैसे न देणाऱ्यांचा भार देणाऱ्यांनी किती दिवस वाहायचा? मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६१ मध्येच ‘राइट टू वर्क’ या घोषणेला फसवी म्हटलं होतं.

तरी डिसेंबर २०१२ मध्ये खुद्द मिशिगनमध्ये हा कायदा आला. हा विषय आपल्या अजेंड्यावर नाही, असं सांगत आलेल्या गव्हर्नर रिक स्नायडर यांनीच त्यावर सही केली. २०१८ मध्ये मिसूरीच्या मतदारांनी असाच कायदा जवळपास दोनास एक मतांनी फेटाळला. २०२३ मध्ये मिशिगनच्या विधिमंडळानेही आपला कायदा रद्द केला. १३ फेब्रुवारी २०२४ पासून तिथल्या खासगी कारखान्यांत वर्गणीची अट पुन्हा करारात घालता येते. सरकारी शाळांतल्या शिक्षकांना मात्र ती लागू होत नाही, कारण १९७७ चा तोडगा न्यायालयाने २०१८ च्या जेनस खटल्यात स्वतःच मोडीत काढला आहे.