वाढलं की वाढवलं?

मी पुण्यात, वारज्यात भाड्याने राहतो. करार अकरा महिन्यांचा, त्यामुळे वर्षातून एक फोन ठरलेला. "जूनपासून भाडं वाढतंय बरं का," मालक म्हणतात. सूर असा, की जणू पाऊसच येतोय. वाढतंय? आपलं आपण? मग वाढवणारा कुठे गेला?

शाळेत इंग्रजीच्या तासाला 'राइज' आणि 'रेज' या जोडीने हाच घोळ घातला होता. दोन्ही वर जाण्याचेच शब्द. सूर्य, पाणी, भाव स्वतः वर जातात, तो राइज. हात, भिंत, प्रश्न कुणीतरी वर करतं, तो रेज. नातं म्हणाल तर रेज हा राइजच्याच पोटचा. जुन्या जर्मानिक भाषेत 'उठणे'चा स्वर बदलून 'उठवणे' घडवलं, आणि ते इंग्रजीत दोनदा आलं. घरच्या वाटेने आलं त्यातल्या 'झ'चा मध्येच 'र' झाला आणि 'रिअर' तयार झाला. चेहरा इतका बदलला की भाऊबंदांनाही ओळखू येऊ नये. दुसरं बोटीतून आलं. ८६५ साली डेन लोकांची मोठी फौज इंग्लंडात उतरली, पुढे त्यातले बरेच तिथेच शेती करून राहिले. त्यांच्या बोलीतला 'रेइसा' म्हणजे आजचा रेज. मुलं वाढवायला इंग्रजीत अजून हे दोन्ही शब्द चालतात.

स्वर बदलून कर्त्याला पुढे आणायची ही युक्ती आपल्याही घरात आहे, कारण संस्कृत आणि जर्मानिक भाषांना ती एकाच पूर्वजाकडून मिळाली. पतति-पातयति, आणि मराठीत पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे. वारज्याहून हायवेचा चढ चढलं की चांदणी चौक लागतो. तिथला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर स्फोटकांनी पाडला. धूळ खाली बसली तेव्हा दिसलं, पूल पुरता पडलेलाच नाही. उरलेला यंत्रं लावून काढावा लागला. पाडणे आणि पडणे यांतला फरक व्याकरणाच्या मास्तरांनी याहून काय वेगळा शिकवला असता!

वर जाणाऱ्या क्रियापदांना मात्र मराठीने 'व' जोडला. चढणे-चढवणे, उठणे-उठवणे. संस्कृत 'स्थापयति'मधला 'पय' प्राकृतात झिजत झिजत हा 'व' झाला. 'वाढणे'ची तऱ्हा तर निराळीच. पोर आपसूक वाढतं, पोळी कुणीतरी वाढावी लागते, आणि नारळ वाढवला की त्याची दोन शकलं होतात.

पगारवाढीला ब्रिटनमध्ये 'राइज' म्हणतात, अमेरिकेत 'रेज'. म्हणजे ब्रिटनमध्ये पगार स्वतःच्या पायांनी चढतो, अमेरिकेत साहेब चढवतो. सकाळी हायवेच्या कडेला हिंजवडीच्या गाडीची वाट पाहणारी आमची मंडळी दोन्ही टाळून 'हाइक' म्हणतात. त्याचा मूळ अर्थ पायपीट.

यंदा मालकांना विचारलंच, "वाढतंय, की वाढवताय?" ते नुसते हसले. दोन दिवसांनी कराराचा कागद आला. त्यात लिहिलं होतं, 'भाड्यात दहा टक्के वाढ'. क्रियापदच नाही.