रणक्रीडेंतील सोव्हिएट रणगाडे व त्यांचें प्रामाण्य

जुन्नर तालुक्यांतील डिंगोरे हें गांव कल्याण-नगर रस्त्यावर आहे. या रस्त्यानें पश्चिमेस गेलें म्हणजे माळशेज घाट लागतो. पूर्वेस गेलें म्हणजे अहमदनगर, ज्यास २०२४ सालापासून अहिल्यानगर असें नांव मिळालें आहे. तेथें भारतीय चिलखती दळाचें शिक्षणकेंद्र असून त्या केंद्रानें १९९४ सालीं स्थापिलेलें रणगाड्यांचें संग्रहालय आहे. लेण्यांच्या व शिलालेखांच्या मुलखांत राहून रणगाड्यांवर लिहिण्याचा प्रसंग आम्हांवर यावा याचें वाचकांस नवल वाटेल, आम्हांसही वाटलें. त्याचें कारण प्रथम सांगितलें पाहिजे.

गेल्या पावसाळ्यांत गांवांतील कांहीं विद्यार्थी पुठ्ठ्याचा एक खेळ घेऊन आमच्याकडे आले. पटावर षट्कोनी घरें, त्यांवर बोटाच्या पेराएवढ्या चौकोनी सोंगट्या, प्रत्येक सोंगटीवर रणगाड्याचें चित्र व तीन आंकडे: तोफेचा मारा, चिलखताचें बळ आणि चाल. खेळाचे दोन भाग होते. पहिल्यांत १९४१ ते १९४५ चें जर्मन-सोव्हिएट युद्ध, दुसऱ्यांत १९७१ सालची गरीबपूरची लढाई. मुलांत वाद पडला होता व निवाड्यासाठीं ते पट घेऊन आले होते. त्यांतील एकजण म्हणाला, “गुरुजी, गरीबपूरला आपली रशियन गाडीच भारी होती, मग आपण जिंकणारच. त्यांत मोठें तें काय?” हें वाक्य आमच्या मनांत खुपलें. जे लोक तेथें लढले व पडले, त्यांचें श्रेय सोंगटीवरील एका आंकड्यानें काढून घेतलें होतें. तो आंकडा खरा आहे कीं खोटा, हें पाहणें आम्हांस भाग पडलें.

युद्धाचे खेळ हें इतिहासाचें साधन कितपत, याचा दाखला आपल्या घरांतच आहे. चतुरंग म्हणजे हत्ती, घोडे, रथ व पायदळ अशीं सेनेचीं चार अंगें. बाणभट्टाच्या हर्षचरितांत, म्हणजे सातव्या शतकांत, या खेळाचा उल्लेख येतो; सतराव्या शतकांत नीलकंठभट्टानें आपल्या भगवंतभास्करांत त्याचें वर्णन दिलें आहे. बहुतेक जुन्या वर्णनांत कोपऱ्यांत रथ असतो व हत्ती राजा आणि मंत्री यांच्या लगत असतो. आज महाराष्ट्रांत कोपऱ्यांत हत्ती उभा आहे, त्याच्या जुन्या जागेवरून उंट तिरपा धांवतो, आणि रथ पटावरून नाहींसा झाला आहे. बंगाल्यांत त्याच कोपऱ्यांतल्या सोंगटीस नौका म्हणतात. आतां या पटावरून कोणी पेशव्यांच्या फौजेची रचना लिहूं लागला तर आपण त्यास हंसूं. (फौजांत उंटांवरील शुतरनाळा होत्या हें खरें, पण त्यांचा पुरावा कागदांत आहे, पटांत नाहीं.) मात्र बुद्धिबळ खेळणारा आपण इतिहास वाचीत आहों असें समजत नाहीं. प्रशियांत १८२४ सालीं राईस्विट्झ नांवाच्या तोफखान्याच्या अधिकाऱ्यानें नकाशा, फांसे व नुकसानीचीं कोष्टकें घेऊन जो खेळ रचिला, तेथपासून खेळ हा खऱ्या रणाची प्रत असल्याचा दावा करूं लागला. आणि प्रत म्हटली कीं तिचें संशोधन आलेंच.

म्हणून आम्ही सोंगट्या पोथीप्रमाणें तपासल्या. पहिली चूक कालविपर्यासाची निघाली. कुर्स्कची लढाई १९४३ च्या जुलैंत झाली. खेळांत त्या प्रसंगीं ८५ मिलिमीटर तोफेचा टी-३४ मांडावयास सांगितला आहे. ही तोफ असलेला टी-३४ कारखान्यांतून १९४४ च्या आरंभीं बाहेर पडूं लागला. कुर्स्क येथें होता तो ७६ मिलिमीटर तोफेचा. ज्या पोथीच्या पुष्पिकेंत एक शक आणि आंत त्यानंतरच्या राजाचें नांव, तिला आपण काय म्हणतों तें वाचकांस ठाऊक आहे. तसेंच आयएस-३ हा जड रणगाडा खेळांत बर्लिनच्या वेढ्यांत लढतो. प्रत्यक्षांत तो जर्मनांविरुद्ध लढलाच नाहीं. जगानें तो पाहिला ७ सप्टेंबर १९४५ रोजीं, बर्लिनमधील विजयसंचलनांत.

दुसरी चूक सूक्ष्म आहे. टी-३४ च्या पुढच्या पत्र्याची जाडी ४५ मिलिमीटर, आणि खेळाच्या कर्त्यानें तोच आंकडा धरून चिलखताचें बळ ठरविलें आहे. पण हा पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला असे. समोरून सरळ येणाऱ्या गोळ्यास त्यामुळें ४५ च्या दुप्पट, म्हणजे ९० मिलिमीटर लोखंडांतून जावें लागे. शाळेंतील त्रिकोणमितीनें हें कोणीही ताडून पाहावें. येथें सोव्हिएट गाडीस उणें लेखिलें गेलें. उलट तिच्या बुरुजांत दोनच माणसें मावत. नायकासच तोफ रोखावी लागे, त्यास आजूबाजूस पाहण्यास सवड कोठली? १९४१ सालीं बिनतारी यंत्रही थोड्याच गाड्यांत होतें. या उणिवा सोंगटीवर कोठेंच नाहींत. आयएस-२ च्या १२२ मिलिमीटर तोफेचा मारा भयंकर, हें खेळांत आहे. पण गोळा व दारू निरनिराळीं भरावीं लागत आणि गाडींत एकंदर २८ च बार असत, हें नाहीं.

शिवाय “टी-३४” ही एक वस्तु नव्हेच. १९४१ च्या शरदांत खार्कोव्हचा कारखाना उरलच्या पलीकडे निझ्नी तागील येथें हलविला गेला. स्टालिनग्राड व गॉर्की येथेंही त्याच गाड्या होत. रबर मिळेनासें झालें तेव्हां निखळ लोखंडी चाकें लागलीं; बुरूज कोठें ओतीव तर कोठें पत्रे सांधलेले. एकाच संहितेच्या या निरनिराळ्या शाखा आहेत. संग्रहालयांतील गाडी पुष्कळदां नवा रंग देऊन, दुसऱ्या गाडीचे भाग बसवून उभी केलेली असते. तिच्यावरून मूळ पाठ ठरवितांना जपावें.

या चुका शिरल्या कोठून? पश्चिमेकडील युद्धक्रीडांचे कर्ते फार वर्षें जर्मन सेनापतींच्या आठवणींवर विसंबून होते. गुडेरियनचें पुस्तक इंग्रजींत १९५२ सालीं आलें, मेलेन्थिनचें १९५६ सालीं. सोव्हिएट दप्तरें १९९१ नंतरच बरींचशीं उघडलीं. मधल्या काळांतील लेखन म्हणजे केवळ खाफीखानावरून मराठ्यांचा इतिहास लिहिण्यासारखें होय. राजवाड्यांनीं १८९८ सालीं साधनांचा पहिला खंड काढल्यावर आपल्याकडे जो पालट झाला, तसाच तेथें आतां होत आहे. पण छापून गेलेल्या सोंगट्या जुन्याच राहतात.

आतां मूळ वादाकडे वळूं. गरीबपूर हें आज बांगलादेशांत आहे. २१ नोव्हेंबर १९७१ रोजीं तेथें १४ पंजाब ही पलटण व ४५ कॅव्हलरीचें एक पथक, त्यांत १४ पीटी-७६ गाड्या, यांनीं पाकिस्तानी चॅफी रणगाड्यांचा हल्ला मोडला. खेळांत पीटी-७६ च्या चिलखतास ६ व चॅफीच्या चिलखतास ४ असे आंकडे आहेत. हे सरळ उलटे आहेत. पीटी-७६ ही पाण्यांत तरणारी टेहळणीची गाडी, वजन सुमारें १४ टन. तिचा जाडांत जाड पत्रा २० मिलिमीटरांच्या आसपास, आणि बाजूचा तर इतका पातळ कीं जड मशीनगनची गोळीही आंत शिरावी. अमेरिकन चॅफी सुमारें १८ टनांची, पुढचा पत्रा २५ मिलिमीटर व तोफेजवळचा ३८. आपली तोफ ७६ मिलिमीटर, त्यांची ७५. दोहोंपैकीं कोणतीही गाडी दुसरीस फोडूं शके. ज्यास शत्रु आधीं दिसला त्याचा बार आधीं.

येथें शब्दाचा पुरावा आम्हांस मोलाचा वाटतो. आपले शिपाई या गाडीस ‘पिप्पा’ म्हणत. पिप्पा म्हणजे तुपाचा डबा. पाण्यावर तरंगतो व पातळ पत्र्याचा असतो म्हणून हें नांव पडलें. तींत बसून लढणाऱ्यांनीं तिला अभेद्य मानलें असतें तर डब्याचें नांव दिलें नसतें.

मग जय कशानें झाला? त्या सकाळीं दाट धुकें होतें, कांहीं कदमांपलीकडलें दिसत नव्हतें. गस्तीच्या तुकडीनें शत्रु येत असल्याची खबर आधीं दिली. पायदळानें खंदकांतून व आपल्या रिकॉइललेस तोफांनीं जागा धरून ठेविली, आणि गाड्या पुढें सरून बाजूंवर उभ्या राहिल्या. पथकाचे नायक मेजर दलजितसिंग नारंग लढतांना पडले. त्यांस मरणोत्तर महावीरचक्र मिळालें. त्यांच्यामागें सूत्रें हातीं घेणारे कॅप्टन बलरामसिंग मेहता यांनीं पुढें या लढाईवर इंग्रजींत पुस्तक लिहिलें असून त्यावरून २०२३ सालीं ‘पिप्पा’ हा चित्रपट निघाला. चित्रपटाचें प्रामाण्य हा निराळा विषय; त्यांत आम्ही शिरत नाहीं.

मुलांस हें सर्व सांगून आम्हीं पीटी-७६ च्या चौदा सोंगट्या पालथ्या घातल्या व प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीनें चिलखताचा आंकडा ६ च्या जागीं २ असा लिहिला. आधींच्या डावांत आपण जिंकणारच असें म्हणणाऱ्या मुलानें त्याच सोंगट्या घेऊन पुन्हां पट मांडला. तिन्हीसांजेपर्यंत तो तीनदां हरला. चौथ्या डावांत त्यानें गाड्या मैदानांतून काढून पायदळाच्या बाजूस, झाडीच्या घरांत नेऊन ठेविल्या.