गादीवर आळ येण्याआधी

कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीपर्यंत उतरणारी कळ घेऊन येणारा माणूस आजकाल निदानही सोबतच आणतो. ‘गादी सरकलीय’, ‘एल-फोर एल-फाइव्हला गॅप आहे, नस दबलीय’. एमआरआयची मोठी पिशवी काखेत असतेच. हे सगळं इतक्या खात्रीने बोललं जातं की बापजाद्यांपासून चालत आलेलं ज्ञान असावं असं वाटतं. पण या निदानाचं वय शंभरीच्या आतलं आहे. दुखणं मात्र ग्रंथांइतकं जुनं. मधल्या काळात त्याचा दोष कुणाकुणाच्या माथी गेला याची हकीकत मोठी वळणावळणाची आहे.

चरकसंहितेत या कळेची, म्हणजे गृध्रसीची, वाट क्रमाने दिली आहे: आधी कुल्ला, मग कंबर, पाठ, मांडी, गुडघा, पोटरी, पाऊल. आजच्या ओपीडीत रुग्ण बोटाने दाखवतो तीच. सुश्रुताने वायूने पीडलेल्या कंडरेला दोषी धरलं आणि एक खूणही सांगितली: पाय उचलता येत नाही. ग्रीक वैद्यांनी खुब्याचा सांधा आणि ही कळ एकाच नावाखाली ठेवली. कारणांवर मतभेद असले तरी डाग द्यायचा हे दोन्हीकडे मान्य होतं.

सांधा आणि नस यांची फारकत केली ती नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्यो याने, १७६४ साली. खुब्याचं दुखणं वेगळं, नसेचं वेगळं. आणि नसेच्या दुखण्यातही मांडीच्या मागून उतरणारं वेगळं, पुढून उतरणारं वेगळं, असं त्याने मांडलं. शवविच्छेदन करताना मज्जारज्जूभोवती त्याला पाणी दिसलं. तेच पाणी नसेच्या वेष्टनात उतरून खराब होतं आणि नस चुरचुरते, असा त्याचा तर्क. तर्क चुकला, पण पाणी खरं निघालं. त्याला आपण आज मेंदूमज्जा द्रव म्हणतो.

पुढची मोठी पायरी बेलग्रेडमधली. लाझा लाझारेविच हा डॉक्टर तर होताच, शिवाय सर्बियन साहित्यातला नावाजलेला कथाकारही. १८८० मध्ये त्याने आपल्या भाषेतल्या वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं: रुग्णाला उताणं झोपवा, गुडघा ताठ ठेवून पाय वर उचला, कळ आली की समजा नस ताणली जातेय. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांच्या फोर्स्ट नावाच्या विद्यार्थ्याने प्रबंधात हीच तपासणी दिली. फक्त मांडीचे स्नायू नसेला चिमटतात, असं त्याला वाटलं. खरं कोण, हे १८८४ मध्ये द बरमान याने प्रेताच्या पायातल्या नसेचा तुकडा काढून तिथे रबर बसवून पाहिलं. पाय उचलला, रबर ताणलं. म्हणजे लाझारेविचचं बरोबर होतं. तपासणीला जगभर नाव मिळालं लासेगचं. फ्रेंचमध्ये छापलेलं वाचणारे जास्त, सर्बियनमधलं वाचणारे थोडे. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

नस ताणली की दुखते हे कळलं, पण ती मुळात बिघडली कशाने? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आळ माकडहाडाच्या वरचं त्रिकास्थी आणि श्रोणीचं हाड यांच्या सांध्यावर आला. तो सांधा कायमचा जखडून टाकण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. कुठेतरी लपलेला जंतुसंसर्ग कारण असेल म्हणून चांगले दातही उपटले गेले. खरं तर १९११ मध्ये ग्लासगोत मिडलटन आणि टीचर यांना जड वजन उचलताना लुळा पडून दगावलेल्या माणसाच्या मणक्यातून फुटून मागे आलेली चकती, म्हणजे आजची ‘गादी’, सापडली होती. लक्ष फारसं कुणी दिलं नाही.

बॉस्टनमध्ये १९३२ साली मिक्स्टर या न्यूरोसर्जनने एका रुग्णाच्या मणक्यातून ‘गाठ’ काढली. अहवाल आला, कूर्चेची गाठ. अस्थितज्ज्ञ जोसेफ बार यांना ते पटेना; त्यांनी तो तुकडा निरोगी चकतीशी ताडून पाहिला. ती चकतीच होती. मग रुग्णालयाच्या संग्रहात ‘गाठ’ म्हणून ठेवलेले जुने नमुने पुन्हा काचेखाली गेले आणि त्यातलेही बरेच चकतीचेच निघाले. १९३४ मध्ये १९ रुग्णांचा त्यांचा लेख आला आणि चकतीचं राज्य सुरू झालं. उपाय हाती लागला की कारणही तेवढंच, असं वैद्यकाला वाटू लागतं. इथे तसंच झालं.

तरी काहींना पुरावा हवा होता. १९५८ मध्ये स्मिथ आणि राइट यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी नसेच्या मुळाभोवती आणि शेजारच्या ऊतींभोवती नायलॉनचे दोरे अडकवून टोकं बाहेर ठेवली. नंतर रुग्ण जागा असताना दोरे हलकेच ओढले. नसेच्या मुळाचा दोरा ओढला की तीच ओळखीची कळ पायात उतरायची. आजची कोणतीही नैतिक समिती याला परवानगी देईल असं वाटत नाही.

मग एमआरआय आला आणि चकतीचं चित्र प्रत्येकाच्या हाती पडलं. १९९४ मध्ये पाठ अजिबात न दुखणाऱ्या ९८ माणसांची एमआरआय तपासणी प्रसिद्ध झाली. निम्म्याहून अधिक जणांची, म्हणजे ५२ टक्क्यांची, निदान एक चकती फुगलेली होती. म्हणजे फिल्ममध्ये दिसणारी गादी दोषी असेलच असं नाही. आदल्याच वर्षी स्वीडनच्या ओल्मार्कर यांनी डुकरांच्या नसेवर, कोणताही दाब न देता, चकतीतला गर नुसता ठेवला आणि तेवढ्यानेही नस बिघडली. ‘दबली’ हा शब्दसुद्धा अर्धाच पुरतो तर.

आणि चकतीच्या गाजावाजात मागे पडलेले? कुल्ल्यातल्या पिरिफॉर्मिस स्नायूखालून ही नस जाते. त्या स्नायूचा संशय १९२८ मध्येच योमन यांनी व्यक्त केला होता आणि १९४७ मध्ये रॉबिन्सन यांनी त्या दुखण्याला नावही दिलं. पण चकतीवरच्या उपचारांनी बरं न वाटलेल्यांकडे नीट वळून पाहायला बराच काळ गेला. २००५ च्या एका अमेरिकी अभ्यासात अशा २३९ रुग्णांना तपासलं, तेव्हा सर्वांत मोठा गट याच स्नायूचा निघाला.

कोतुन्योने वेगळे केलेले सांधा आणि नस म्हातारपणी पुन्हा एकत्र येतात. खुबा झिजलेला, मणक्याची नळीही अरुंद, आणि फिल्ममध्ये दोन्ही दिसतात. अशा वेळी क्ष-किरणाखाली पाहत खुब्याच्या सांध्यात बधिर करणारं औषध सोडतात आणि रुग्णाला चालून यायला सांगतात. औषधाचा अंमल असेपर्यंत कळ थांबली, तर त्या वेळेपुरता मणका सुटतो.