चौदा दुणे अठ्ठावीस

दादरचा पूल ओलांडला की माणूस दुप्पट होतो. पूर्वेला मुंबई १४, पश्चिमेला मुंबई २८! आमच्या बँकेत अशी एखादी ठेव योजना निघाली असती, तर मी काउंटरमागे कशाला बसलो असतो?

हे आकडे पिनकोडाच्याही आधीचे. १५ ऑगस्ट १९७२ला पिनकोड आला आणि त्यांच्या डावीकडे ४००० लागले. (एवढी वाढ आम्हाला कुठल्याही वेतन करारात मिळाली नाही.) कल्पना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. गृहस्थ केंद्रीय दळणवळण खात्यातले बडे अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी! एकाच नावाची छप्पन्न गावं, नाना लिप्या, त्यात लोकांचं अक्षर. पत्ता शोधण्यातच खातं थकून जायचं. कवीनं अख्खा देश सहा आकड्यांच्या वृत्तात बसवला. पहिला आकडा विभागाचा: आठ मुलखाचे, नववा सैन्याचा. पहिले तीन मिळून पत्रांच्या वर्गवारीचा जिल्हा. शेवटचे तीन पत्र वाटणाऱ्या पोस्टाचे.

म्हणजे पिनकोड हा पोस्टाचा नंबर, जमिनीचा नव्हे. हे आमच्या भाच्याच्या डोक्यात शिरेना. सरकारनं खुली केलेली पिनकोडांची यादी आणि लोकांनी मिळून काढलेला ओपनस्ट्रीटमॅप हा नकाशा घेऊन तो कॉम्प्युटरवर हद्दी आखत बसला होता. नियम सोपा: घराला जे पोस्ट जवळ, त्याचा पिन. झालं! आमची चाळ रुळांवरून उडी मारून २८मध्ये जाऊन पडली.

आई भडकली. “लग्न होऊन आले ती चौदात. आता या वयात पलीकडे नांदायला पाठवतोस होय रे?”

मी गप्प. कारण हीच चूक मी त्याच्याआधी केलेली. नोकरीच्या अर्जावर घाईत १४ऐवजी २८ लिहून बसलो होतो. नेमणुकीचं पत्र गेलं पलीकडे. तिथल्या पोस्टमननं चाळीचं नाव वाचून ते इकडे धाडलं, आणि हजर व्हायच्या मुदतीच्या आदल्या संध्याकाळी आमचे पोस्टमनकाका दारात उभे.

“काय रे, घर बदललंस?”

एवढंच म्हणाले. आज जो पगार खातोय, तो त्या दोघांच्या पायांवर.

भाच्याला म्हटलं, बाबा रे, पोस्टात जा आणि कुठल्या पोस्टमनची बीट कुठल्या गल्लीपर्यंत जाते ते विचारून ये. गेला बिचारा. नवी रेघ माझ्या सहीसारखी वेडीवाकडी आली, पण चाळ चौदात परतली.

आईनं चष्मा लावून नकाशा नीट पाहिला.

“हां, आता बरोबर. तो कोपऱ्यावरचा वाणी तेवढा तिकडे टाक. मेला वजनात मारतो.”