तेलाचा डबा किती दिवस पुरतो? घरातल्या तेल-तुपाचा हिशोब

नेवासा : आपल्या तालुक्यातील शनिशिंगणापूर येथे २०२५ मध्ये एक निर्णय झाला. शिळेवर भेसळीचे तेल नको, १ मार्चपासून फक्त ब्रँडेड तेलच चालेल, असे ठरले. भेसळीच्या तेलाने शिळेची झीज होते, ही काळजी त्यामागे होती. दगडासाठी गावाने एवढा विचार केला, मग आपल्या पोटात रोज जे तेल जाते त्याचा विचार आपण कधी करणार, हा प्रश्न आम्हाला पडला. रमजान, ईद आणि लग्नाच्या दावतींमध्ये आपल्या घरात तेल-तूप किती वापरले जाते, हे सर्वांनाच माहीत आहे.

तेल बंद करायचे नाही

शरीराला स्निग्ध पदार्थ लागतातच. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्यांच्याशिवाय अंगी लागत नाहीत. पण एक ग्रॅम तेलातून ९ कॅलरी मिळतात, म्हणजे भाकरीच्या पिठाच्या दुपटीहून जास्त. म्हणून प्रश्न दोनच : किती आणि कोणते?

किती?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने दिवसाला २००० कॅलरींच्या आहारात वरून वापरायच्या तेल-तुपाचे प्रमाण सुमारे २७ ग्रॅम सांगितले आहे. घरातला मोठा चमचा घेतला तर साधारण दोन चमचे. पाच माणसांच्या घराचा हिशोब केला तर महिन्याला सुमारे चार किलो. याचा अर्थ १५ किलोचा डबा साडेतीन महिने पुरायला हवा. तो दीड महिन्यात संपत असेल तर घरात दुपटीहून जास्त तेल चालले आहे. तूप, लोणी आणि डालडाही याच हिशोबात धरायचा.

कोणते?

करडई, शेंगदाणा, सूर्यफूल, सोयाबीन, मोहरी ही तेले घरच्या वापराला चांगली. एकाच तेलाला चिकटून न राहता ती आलटून पालटून वापरावीत. तूप, लोणी, जनावराची चरबी आणि पाम तेल यांत संपृक्त चरबी जास्त असते. ती रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढवते, म्हणून बेताने घ्यावी. जवसाची चटणी मात्र आपल्या भागातला जुना आणि उत्तम पदार्थ आहे. हृदयाला उपयोगी ओमेगा-३ त्यातून मिळते.

सर्वांत वाईट ती ट्रान्स फॅट. तेल घट्ट करून वनस्पती तूप बनवताना ती तयार होते. भारताच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने १ जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील तिचे प्रमाण २ टक्क्यांपर्यंत मर्यादित केले आहे. तरीही खारी, नानकटाई, क्रीमची बिस्किटे घेताना पाकिटावर ‘हायड्रोजनेटेड’ किंवा ‘शॉर्टनिंग’ हे शब्द आहेत का ते पाहावे. ‘कोलेस्टेरॉल फ्री’ या शब्दांना भुलू नये. वनस्पतीच्या कुठल्याही तेलात कोलेस्टेरॉल नसतेच.

इफ्तारची कढई

रमजानमध्ये आज भजी, उद्या समोसे, परवा पुन्हा भजी आणि कढईतले तेल मात्र तेच, असे अनेक घरांत होते. तेल वारंवार तापले की त्यात घातक घटक तयार होतात. हॉटेल आणि ढाब्यांसाठी तर १ जुलै २०१८ पासून नियमच आहे : तळणाच्या तेलातील असे घटक २५ टक्क्यांवर गेले की ते तेल वापरायचे नाही. घरात हे मोजता येत नाही. म्हणून तळलेले तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवावे, पुन्हा तळणाला घेऊ नये. काळे पडलेले, फेस येणारे, लवकर धूर सोडणारे तेल टाकून द्यावे. इफ्तारला रोजच तळण हवे असेही नाही. खजूर, फळे, चना-चाट, दही-भल्ल्यांऐवजी साधे दही यानेही दस्तरख्वान भरते.

मटण आणि दावत

बकरी ईदचे मटण शिजवण्याआधीच दिसणारी चरबी काढून टाकावी. पाया किंवा रस्सा गार झाला की वर जमलेला थर चमच्याने उचलावा. बिर्याणीला तुपाची चव हवी असेल तर ते शेवटी एक चमचा सोडावे, मसाला मात्र तेलातच परतावा. तर्री दिसली म्हणजेच पाहुणचार झाला, ही समजूत आता सोडायला हवी.

ज्यांना मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी आपले प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सुरुवात सोपी आहे. पुढचा डबा फोडाल त्या दिवशी त्यावर पेनने तारीख लिहा आणि संपेल तेव्हा दिवस मोजा. रोजचे तेल धारेने न ओतता चमच्याने घाला. कोणाचे आवडते जेवण बंद करायची गरज पडणार नाही, पण पुढचा डबा नक्कीच जास्त दिवस जाईल.